भिंतीतला पंचम

परवाच्या सत्यनारायणाला आलेल्या प्रत्येकाने शिऱ्याचा द्रोण हातात धरून, मान जरा तिरकी करून, मला एकच प्रश्न विचारला, "ती वायर तेवढी राहिली का रे?"

राहिली नाही. ती अशीच आहे आणि अशीच असणार आहे. टीव्हीच्या पाठीतून निघते, भिंतीवरून खाली उतरते, स्कर्टिंगच्या कडेकडेने चालते, दाराच्या चौकटीला वळसा घालते आणि बारा मीटरचा प्रवास करून कोनाड्यातल्या अँप्लिफायरमध्ये शिरते. ती दिसू नये म्हणून बायकोने तिच्यावर प्लास्टिकची मनीप्लांटची वेल गुंडाळली आहे. आता लोक आधी पान चिमटीत धरून वेल खरी आहे का बघतात आणि मग त्यांना वायर सापडते.

ही वायर भिंतीच्या आत जावी एवढ्यासाठी मी इंदूरच्या रामबागेतल्या वडिलोपार्जित घराच्या दिवाणखान्याची दीड महिना चाळण करून ठेवली होती. काम खरं तर न्हाणीघराचं काढलं होतं. पण "तोडफोड चाललीच आहे तर" हे शब्द एकदा घरात उच्चारले गेले की पुढचं सगळं हप्त्यांवर चालतं.

मी प्लॅन केला होता. हे मला लिहून ठेवायचंच आहे, कारण आता सगळे असं बोलतात की मी काही ठरवलंच नव्हतं. मुलीच्या आलेखवहीचा दुहेरी कागद, तिच्याच कंपासपेटीतला कोनमापक आणि तीन रंगांच्या पेन्सिली. लाल म्हणजे वीज, निळा म्हणजे स्पीकर, हिरवा म्हणजे नेटवर्क. सोफ्यावर मधोमध बसणाऱ्या माणसापासून समोरचे दोन स्पीकर ३०-३० अंशांवर, मागचे दोन ११० अंशांवर. विजेचा पाइप वेगळा, आवाजाचा वेगळा, दोघांत किमान फूटभर अंतर. टीव्हीपासून कोनाड्यापर्यंत दोन इंची पाइप, वळणं लांब, एल्बो एकही नाही. साध्या तांब्याच्या एचडीएमआय वायरीतून इतक्या लांब फोर-के चित्र धड पोचत नाही, म्हणून काचेच्या तंतूची वायर मागवलेली. तिची टोकं कारखान्यातूनच लावून येतात, म्हणून पाइप मोठा. कारण दिलेलं होतं. कागदावर, मराठीत आणि हिंदीत.

इलेक्ट्रिशियनने तो कागद दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "हो जाएगा भिया."

इंदूरबाहेरच्या वाचकाला या वाक्याची भीती कळणार नाही. 'हो जाएगा' हा होकार नाही आणि नकारही नाही. तुमचं बोलणं इथे संपलं, एवढाच त्याचा अर्थ. महाराणी रोडवर मी चौदा गेजची स्पीकरची तार मागितली, तेव्हा दुकानदाराने "कूलर की या गीझर की?" असं विचारलं. मी पाच मिनिटं समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "इसी से हो जाएगा," आणि हातात कूलरची दिली. तिसऱ्या दिवशी माझा प्लॅन मला सापडला तो खिडकीच्या कठड्यावर. त्यावर पोहे होते. पोह्यांवर जीरावण आणि शेव होती, आणि मागचा डावा स्पीकर जिथे यायचा तिथे अर्धी जिलबी होती. ११० अंश अचूक.

पण इलेक्ट्रिशियनला मी दोष देत नाही. त्याला निदान पैसे मिळत होते. आप्पा फुकट येत होते.

आप्पा आमचे कोणी नाहीत. मागच्या आळीत राहतात, वय अठ्ठ्याहत्तर, आणि गल्लीत कुठेही कटरचा आवाज आला की आंघोळ उरकून तिथे हजर होतात. आमच्याकडे पहिल्याच दिवशी त्यांनी आमचीच प्लास्टिकची खुर्ची ओढून दिवाणखान्याच्या बरोबर मध्ये ठेवली, म्हणजे मी कोनमापकाने काढलेल्या जागेवर, आणि रुमाल नाकाला बांधून बसले.

"काय करून राहिलास?"

"स्पीकरच्या जागा आखतोय, आप्पा."

"किती?"

"पाच. आणि एक सब-वूफर."

"गाणारे किती?"

"म्हणजे?"

"अरे, गाणारा एकच ना? मग पाच तोंडं कशाला?"

मी सांगितलं. समोर दोन, त्यांच्या मध्ये एक, तो संवादांसाठी, आणि मागे दोन.

"मागून कोण गातं?"

"मागून गात नाही कुणी. वातावरण येतं. पाऊस, गर्दी, टाळ्या..."

"टाळ्या? मागचे लोक टाळ्या वाजवत नाहीत. ते भैरवीच्या आधीच उठून चपला शोधत असतात."

इथे मी थांबायला हवं होतं. पण मला वाटलं, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगावं. म्हणालो, "असं समजा आप्पा, मागून तानपुरा येतो."

आप्पांनी रुमाल खाली केला. "तानपुरे गवयाच्या मागे असतात. तुझ्या मागे कसे येतील? तू काय गवई आहेस?"

इलेक्ट्रिशियनचा हेल्पर छेनी खाली ठेवून ऐकू लागला. त्याची मजुरी दिवसावर होती. मी विषय बदलायला इलेक्ट्रिशियनला म्हणालो, "उस्ताद, वो बेंडवाला देख लो," आणि आणखी एक चूक केली.

"याला उस्ताद म्हणू नकोस," आप्पा म्हणाले. "इंदुरात उस्ताद एकच. अमीर खाँ." आणि मग १९७४ साली खाँसाहेब गेले तेव्हा आपण सत्तावीस वर्षांचे होतो, त्याआधी त्यांना समोर बसून किती वेळा ऐकलं, अतिविलंबित झूमरा तालात ते समेवर कसे येत, एका आवर्तनात माणूस जाऊन चहा पिऊन येईल इतका वेळ कसा असे, हे सगळं झालं. मजुरी चालू होती.

"बरं, ते सहावं काय म्हणालास?"

"सब-वूफर. खालच्या सुरांसाठी वेगळी पेटी असते."

"खर्जासाठी?"

"तसंच."

"खाँसाहेबांचा खर्ज कुठल्या पेटीतून येत होता?"

मी गप्प.

"सांग ना. कुठून येत होता? इथून येत होता." त्यांनी बेंबीवर हात ठेवला. मग डोळे मिटले, डावा तळवा कानावर नेला आणि सिमेंटच्या धुळीत, फोडलेल्या भिंतीसमोर, मारवा रागासाठी खर्ज लावायला सुरुवात केली. कटर बंद झाला. हेल्परने टोपी काढली. साधारण दहा सेकंद तो सूर खरंच लागला, हे कबूल करायला मला आज त्रास होतोय. अकराव्या सेकंदाला घशात धूळ गेली आणि खोकल्याची अशी उबळ आली की बायको स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन धावली. पाणी पिऊन, डोळे पुसून आप्पा मला म्हणाले, "ऐकलंस? वायर होती कुठे?"

पुढच्या आठवड्यात कामासाठी मला दोन दिवस भोपाळला जावं लागलं. जाताना मी खाचा पाहिल्या, दोन इंची पाइप भिंतीशी उभे केलेले पाहिले, प्लॅनची नवी प्रत दारामागे चिकटवली. परत आलो तर प्लॅस्टर झालेलं. भिंत गुळगुळीत, ओली, सुंदर. दोन इंची पाइप अजून तिथेच उभे होते.

"तुझे पैसे वाचवले," आप्पा खुर्चीतून म्हणाले. "दोन-दोन इंची खाचा! ही भिंत आहे की बासरी? पाऊण इंची घातला. आणि दोन पाइप कशाला? वायर वायरच्या शेजारी बसली तर विटाळ होतो का?"

मी म्हणालो, "आप्पा, भिंत नऊ इंची आहे."

"राजवाडा बघ. १८०१ मध्ये शिंद्यांकडच्यांनी जाळला, १९०८ मध्ये आग लागली, १९८४ मध्ये पुन्हा. तीनदा जळाला आणि उभा आहे. का? भिंतींत कुणी पाइप खुपसले नाहीत म्हणून."

राजवाड्याचे वरचे मजले लाकडाचे होते आणि जळायचे ते जळले, खालचे दगडाचे म्हणून उभे राहिले, हे मला तेव्हा सुचलं नाही. अशी उत्तरं मला रात्री दीड वाजता सुचतात. त्या क्षणी मी काय केलं? मी "बरं झालं आप्पा" म्हणालो आणि त्यांच्यासाठी चहा टाकायला सांगितला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला दुसरं काय म्हणणार? घर माझं, कर्ज माझं, आणि भिंतीतला पाइप त्यांचा. वर बायको म्हणाली, "जाऊ दे ना, हौसेने करतात बिचारे." हौस त्यांची आहे म्हणून ती हौस. माझी आहे ती खोड. आलेखवही घेऊन फिरणारा माणूस आमच्या नातेवाइकांत 'जरा तसाच आहे' म्हणून ओळखला जातो, आणि त्याची भिंत बुजवणारा 'मदतीला उभा राहिला' म्हणून.

प्लॅस्टर पुन्हा फोडायची सोय नव्हती. पैसे संपले होते, आणि आधीचाच मलबा उचलायला दोन फेऱ्या लागल्या होत्या. वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं येणाऱ्या शहरात दारासमोर विटांचे तुकडे एक रात्र राहिले, तर सकाळी गल्ली तुमच्याकडे अशी बघते की जणू तुम्ही तिचं पदक चोरलंत.

तर वायर ओढायचा दिवस. इलेक्ट्रिशियनने पाइपात स्प्रिंग घातली, ती पलीकडून निघाली, वायरीचं टोक तिला बांधलं आणि ओढलं. टोक पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबलं. पाऊण इंची पाइप म्हणजे बाहेरून वीस मिलिमीटर, आतून त्याहून कमी. एचडीएमआयच्या टोकाचं प्लास्टिकचं डोकं मी पट्टीने मोजलं होतं, एकवीस. त्याने साबण लावला, मग खोबरेल तेल. मग ते डोकं हातात घेऊन निरखलं आणि म्हणाला, "इसको काट देते हैं भिया. तार निकाल के उधर जोड़ देंगे."

"यात काच आहे," मी म्हणालो. "प्रकाश जातो यातून. आणि टोकाला एकोणीस पिना आहेत."

"तो क्या हुआ? उन्नीस-बीस तो चलता है."

मी ती साडेचार हजारांची वायर त्याच्या हातातून काढून घेतली. त्या दिवसापासून ती बाहेर आहे.

सब-वूफरची वायर मात्र बारीक टोकाची, ती बिनबोभाट आत गेली. त्याच पाइपात, विजेच्या तारेला मिठी मारून. परवा पूजा आटोपली, पाहुणे पांगले, इलेक्ट्रिशियन शेवटचा हिशेब घ्यायला आला होता आणि आप्पा प्रसादाचा दुसरा द्रोण संपवत होते, तेव्हा मी पहिल्यांदा सगळं चालू केलं. चित्र आलं. आवाज येण्याआधी कोपऱ्यातल्या पेटीतून एक घुमारा आला. ऊंऽऽऽ. मी आवाज शून्यावर नेला. घुमारा तसाच. माझ्या प्लॅनवर लाल आणि निळ्या रेषेत फूटभर अंतर याचसाठी होतं. घरातली वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, आणि ते पन्नासच्या पन्नास आता शेजारच्या वायरीत उतरून मला ऐकू येत होते.

मी आप्पांकडे बघितलं. काय बोलायचं ते दीड महिना मनात तयार होतं. पण आप्पा द्रोण खाली ठेवून, मान कलती करून ऐकत होते. मग काही न बोलता उठले आणि बाहेर पडले. मला वाटलं, चला, एकदाची लाज वाटली.

दहा मिनिटांनी ते बाजाची पेटी घेऊन परत आले. सब-वूफरसमोर मांडी घातली, भाता धरला आणि एकेक पट्टी दाबत गेले. पांढरी तीन, नाही. पांढरी चार, नाही. पांढरी पाच दाबली आणि पेटीचा आवाज भिंतीच्या आवाजात विरघळला.

"पांढरी पाच," आप्पा म्हणाले. "दोन सप्तकं खाली. किंचित चढी आहे, पण चालेल."

"आप्पा, हा बिघाड आहे."

"पंचम आहे. पांढरी एकचा सा धरला तर हा पंचम." त्यांनी जरा विचार केला. "मारवा नाही होणार याच्यावर. मारव्याला पंचम वर्ज्य. यमन होईल."

मी स्विचकडे हात नेला.

"थांब. बंद करू नकोस. सुरात आहे."

आणि डोळे मिटून त्यांनी सा लावला. बायको दाराशी येऊन उभी राहिली. मी प्लास्टिकच्या वेलीशेजारी, स्विचवर बोट ठेवून, तसाच. आप्पांनी गंधारावर जरा विसावा घेतला, आणि माझ्या मागून, साधारण ११० अंशांवरून, इलेक्ट्रिशियन म्हणाला, "क्या बात है, उस्ताद."