मापावरची धार

परवा ऑफिसमधून निघाले तेव्हा डोकं इतकं जड झालं होतं की कोणाशी एक शब्द बोलायची इच्छा नव्हती. एकच फाईल दिवसभरात तीनदा परत आलेली, त्यात बाबांचा दोनदा फोन येऊन गेला आणि मी उचलू शकले नाही, त्याची टोचणी वेगळीच. डोंबिवलीला उतरले, पुलावरून पूर्वेला आले, नेहमीच्या भाजीवाल्या मावशींकडून पाव किलो गवार आणि दोन लिंबं घेतली, पैसे दिले आणि वळले. तर मागून हाक, "ताई, थांबा की." त्यांनी पाटीतलं ओलं फडकं बाजूला केलं, त्याच्याखालून कढीपत्त्याची एक डहाळी काढली, दोनदा झटकली आणि माझ्या पिशवीत वरती ठेवली. "सकाळचाच आहे. बाबांच्या ताकाला घाला."

एवढंच. पुढच्या गिऱ्हाइकाला त्या वांगी निवडून द्यायला लागल्या पण. मी तिथेच उभी. महिन्याभरापूर्वी कधीतरी मी बोलता बोलता सांगितलं असणार की बाबांचं मीठ बंद केलंय, त्यांना काहीच गोड लागत नाही, फक्त ताकाला जिरं-कढीपत्त्याची फोडणी दिली की अर्धी वाटी पोटात जाते. मला सांगितल्याचं आठवतही नव्हतं आणि त्यांनी लक्षात ठेवलं होतं. घरापर्यंत पिशवीतून तो वास येत राहिला, आणि दोन जिने चढून दाराशी आले तेव्हा लक्षात आलं की मी गुणगुणतेय. फाईल तशीच होती, उद्याचा दिवस तसाच होता, पण छातीवरचं ओझं उतरलं होतं.

तेव्हापासून डोक्यात हेच घोळतंय, म्हणून लिहायला बसले.

मी लहान असताना साताऱ्याला आमच्याकडे गवळीमामा सायकलवरून दूध घालायला यायचे. दोन्ही बाजूंना कॅन, हँडलला अडकवलेलं अ‍ॅल्युमिनियमचं माप. आई पातेलं घेऊन दारात यायची. मामा माप काठोकाठ भरून पातेल्यात ओतायचे, आणि ओतून झालं की माप परत कॅनमध्ये जरासं बुडवून वरून एक धार सोडायचे. किती असेल ती, दोन-तीन चमचे. पण ती धार पडेपर्यंत आई पातेलं हलवायची नाही. कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात 'एक लिटर' असं लिहिलं जायचं, धारेची नोंद कुठेच नसायची, महिनाअखेरीला तिचे पैसे कोणी मागितले नाहीत की कोणी दिले नाहीत. पण एखाद्या दिवशी मामांऐवजी त्यांचा मुलगा आला आणि नुसतं माप ओतून निघून गेला की आई पातेल्यात बघत म्हणायची, "आज दूध कमी वाटतंय गं." दूध बरोबर लिटरच असायचं.

आता पंचेचाळिशीत मला कळतंय की माझा मूड ज्या गोष्टींनी एकदम सुधारतो त्या जवळजवळ सगळ्या त्या धारेच्या जातीच्या आहेत. कोणीतरी आपलं ठरलेलं माप पूर्ण केलेलं असतं, तिथे थांबलं असतं तरी कोणी नाव ठेवलं नसतं, आणि तरी त्या माणसाचा हात जरासा पुढे जातो.

लोकलची चौथी सीटच घ्या. बाकडं तिघींचं. सकाळची फास्ट डोंबिवलीला येते तेव्हाच आतमध्ये मुंगीला जागा नसते, बसायला मिळेल हा विचारच आपण सोडून दिलेला असतो. आणि एखादी बाई मोबाईलमधून मान वर करून आपल्याकडे बघते, काही बोलत नाही, फक्त बाजूचीला कोपराने खुणावते आणि तिघी जणी खिडकीकडे सरकतात. वीतभर जागा होते. त्या वीतभर जागेत अर्धं अंग बाहेर ठेवून बसलेल्या बाईला विचारा तिला काय वाटतं. तिघींपैकी प्रत्येकीने आपली आपली जागा थोडी थोडी कमी केलेली असते आणि त्यातली एकही तुम्हाला ओळखत नसते. मला तर असं वाटतं की मुंबईच्या लेडीज डब्यात जेवढी भांडणं होतात त्याच्या कितीतरी पट सरकणं होतं, फक्त भांडणाचे व्हिडिओ फिरतात आणि सरकण्याचा कोणी काढत नाही.

त्याच गाडीत पावसाळ्यात मुंब्रा आलं की डोंगरावरून पांढऱ्या धारा उतरताना दिसतात, वर देवीचं देऊळ ढगात गेलेलं असतं, आणि खिडकीतली जी कोणी असेल ती "अगं बघ बघ" म्हणते. रोज जाणाऱ्या बायका आहेत सगळ्या, शंभरदा बघितलेलं आहे, तरी मेथी निवडणारे हात थांबतात. बघून घेतलं की परत निवडायला लागतात.

एसटीतला एक प्रसंग सांगायलाच हवा. १७ मार्च २०२३ पासून आम्हा बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यामुळे साताऱ्याला माझ्या फेऱ्या वाढल्या, कारण बाबा तेव्हा तिथे एकटेच होते. एकदा सुट्टे नव्हते म्हणून कंडक्टरने तिकिटाच्या मागे पेनाने ५० लिहून त्याला गोल केला, जसं नेहमी करतात. मी तिकीट पर्समध्ये टाकलं आणि झोपले. साताऱ्याला उतरले, पार स्टँडच्या बाहेर रिक्षापर्यंत गेले, तर मागून खाकीतले तेच गृहस्थ धापा टाकत, "ओ ताई, पन्नास राहिले ना तुमचे!" गाडी पुढे जायची होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, आणि या माणसाने अख्ख्या स्टँडच्या गर्दीत माझ्या निळ्या ओढणीवरून मला शोधलं. पैसे परत करणं त्यांचं काम आहे, मान्य. पण धावत येणं कामात नव्हतं. मी मागायला गेले असते तर दिले असतेच, तेवढ्याने त्यांचं माप पूर्ण झालं असतं.

कॉलेजात सायकॉलॉजी होतं तेव्हा एक प्रयोग शिकले होते तो मला रिक्षात बसल्याबसल्या आठवला. १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅलिस आयसेन आणि पॉला लेव्हिन या दोघींनी सार्वजनिक टेलिफोनच्या बूथमध्ये, जिथून उरलेलं नाणं परत मिळतं त्या खाचेत, काही जणांसाठी दहा सेंटचं नाणं ठेवलं आणि काही जणांसाठी नाही. माणूस फोन करून बाहेर पडला की समोरून जाणाऱ्या बाईच्या हातातले कागद खाली पडायचे, मुद्दामच. नाणं मिळालेल्या १६ जणांपैकी १४ जण कागद उचलायला थांबले, न मिळालेल्या २५ पैकी एकच. पुढे इतरांनी हाच प्रयोग परत केला तेव्हा असा चकचकीत निकाल काही आला नाही, त्यामुळे मी त्याच्यावर इमले बांधत नाही. मी माझं सांगते. त्या दिवशी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आजी दोन जड पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या दारापर्यंत पिशव्या पोचवून आले, वरच्या मजल्यावर. एरवी मी तेवढी थांबत नाही, घाईत असते. पन्नास रुपये माझेच होते, मला फुकट काहीच मिळालं नव्हतं, तरी अंगात काहीतरी जास्तीचं आल्यासारखं झालं होतं आणि ते कोणाला तरी दिल्याशिवाय चैन पडत नव्हतं.

हे सगळं आता अ‍ॅपवर पण मिळतं असं माझी भाची म्हणते. २०२४ च्या मे महिन्यात मुंबईतल्या एका मुलाने एक्सवर लिहिलं होतं ना, की भाजीबरोबर कोथिंबिरीचे वेगळे पैसे द्यावे लागले हे बघून आईला धक्काच बसला, आणि मग ब्लिंकिट या भाजी घरपोच देणाऱ्या अ‍ॅपने ठरावीक भाजी घेतली की कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. मला त्या आईचं मनापासून कौतुक आहे, तिने जे सांगितलं ते आपल्या सगळ्यांच्या आयांनी सांगितलं असतं. पण भाचीला मी एवढंच म्हटलं की बाळा, ती कोथिंबीर आता मापात आली. एवढ्या भाजीवर एवढी, सगळ्यांना सारखी. भाजीला चव येईल, पण परवा मला जे झालं ते तिने होणार नाही, कारण अ‍ॅपला माझे बाबा माहीत नाहीत. भाची दुसऱ्या दिवशी स्टेशनवरून येताना त्या मावशींकडे जाऊन टोमॅटो घेऊन आली, मला काही न सांगता.

पहिल्या पावसाचा वास मी याच खात्यात धरते, जरी तो कोणी देत नसलं तरी. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात, वासाला मोजमाप नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी त्याला पेट्रिकोर असं नाव दिलं, पण आपल्याकडे उत्तर प्रदेशात कनौजला भट्टीत भाजलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून मिट्टी अत्तर आधीपासून करतातच आणि या दोघांच्या लेखात त्याचा उल्लेखही आहे. मातीतले जिवाणू जिओस्मिन नावाचं द्रव्य बनवतात आणि ते इतकं सूक्ष्म प्रमाणात असलं तरी आपल्या नाकाला कळतं की आश्चर्य वाटतं. अजून पाऊस यायचाय, गॅलरीच्या ग्रिलवर हात ठेवला तर चटका बसतो.

आणि आता जे सांगायचंय त्यासाठीच खरं तर एवढं लिहिलं.

जानेवारीत बाबांना अटॅक आला. बायपास झाली. त्या बावीस दिवसांत हॉस्पिटलमध्ये मी काय काय बघितलं ते लिहीत नाही. एका शिक्क्यासाठी काउंटरवर तीन तास उभी होते, प्रत्येक खिडकी पुढच्या खिडकीकडे पाठवत होती, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की मी इथेच बसून मोठमोठ्याने रडेन. शेवटी चारला भेटायची वेळ झाली म्हणून वर गेले. बाबा आदल्या दिवशी अगदी ओळखू येत नव्हते, दाढी वाढलेली, केस विस्कटलेले, नळ्या. पडदा सरकवला तर बाबांचे केस नीट विंचरलेले, ओला कंगवा फिरवलेला कळत होता, आणि भांग उजवीकडून. बाबांनी जन्मभर भांग उजवीकडून पाडलाय, सहसा लोक डावीकडून पाडतात. वॉर्डातल्या मावशी पायाशी चादर नीट करत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून म्हटलं जरा बरं दिसू दे. मी डावीकडून काढत होते तर त्यांनी हाताने खूण केली." पुसणं, चादर बदलणं, भांडं देणं, तीस पेशंट त्यांच्याकडे. केस विंचरणं कुठल्याच यादीत नसणार. मी त्यांचा हात हातात घेतला, मला बोलता येईना, त्या म्हणाल्या, "बसा, खुर्ची घ्या."

बाबा आता आमच्याकडे डोंबिवलीलाच असतात. हार्टचं पंपिंग कमी झालंय म्हणून डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी नको सांगितलंय, त्यात चहा, ताक, आमटी सगळं आलं. मे महिन्याच्या उकाड्यात दीड लिटर. बाबांनी एका बाटलीवर मार्करने रेघा मारल्यात, सकाळ, दुपार, संध्याकाळ, आणि ते रेघेच्या खाली एक घोट जात नाहीत. मला ते बघवत नाही, पण ते कधी तक्रार करत नाहीत.

परवा कढीपत्त्याचं ताक झालं, त्यांनी अर्धी वाटी घेतली, वरून पडलेलं जिरं बोटाने टिपून खाल्लं. मावशींनी दिलाय म्हणून सांगितलं तर म्हणाले, "त्यांना म्हणावं, पोचला." मग संध्याकाळचं पाणी घेऊन गॅलरीत जाऊन बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते. पेल्यात तळाला दोन घोट उरले तेव्हा ते उठले आणि ते पाणी मोगऱ्याच्या कुंडीत ओतलं, हळूहळू, खोडाच्या बाजूने. रोज करतात म्हणे, मला त्या दिवशी कळलं.

मी म्हटलं, "बाबा, अहो नळाचं घाला ना. तुमचं कशाला?"

म्हणाले, "नळाचं घालतोच गं सकाळी. हे माझ्यातलं."

मोगऱ्याला सध्या सात कळ्या आहेत.