करवंदाच्या जाळीवर जेसीबी

आज प्लॉटवर गेलो तर खालच्या नव्या मालकांनी बांधावरची करवंदाची अख्खी जाळी जेसीबीने उपटलेली. मे महिना, फांद्यांना काळी करवंदं तशीच लटकलेली. शेजारी टेम्पोतून उतरवलेली पिवळ्या डुरांटाची रोपं, काळ्या पिशव्यांत, ओळीने. "जंगल साफ केलं, आता जरा हेज करतोय," म्हणाले. मी हसलो. शेजार आहे, काय करणार! पण इथे बोलणार.

अहो, ते हेजच होतं! छातीभर उंच, आरपार काटे. गुरं सोडा, भुरटा चोरही त्यात हात घालायच्या आधी विचार करेल. न लावता, पाणी न घालता उभं होतं. ते काढून लावलं काय? अमेरिका खंडातलं एक झुडूप, ज्याला सतत कात्री लागते, उन्हाळ्यात टँकर लागतो, आणि ज्याची फळं पोरांच्या पोटात गेली तर विषारी. का? तर पिवळं दिसतं म्हणून.

आम्ही भोरजवळ ही जागा घेतली तेव्हा वाडीतली एक मावशी शेळ्या घेऊन यायची. कुंपणाला काय लावू, असं तिला विचारलं, तर म्हणाली, "शेळी ज्याला तोंड लावत न्हाई ते लावा की, दादा." संपलं. आषाढात ओढ्याकाठच्या अडुळशाचे आणि निर्गुडीचे बोटभर जाडीचे फाटे तिनेच कोयत्याने तोडून दिले, तिरपे खोचायला लावले. पैसे शून्य. आज तिथे पलीकडचं दिसत नाही.

निर्गुडी दिसायला साधी आहे, मान्य. पण जांभळट तुरे आले की मधमाश्या बघा. पाला धान्यात घाला, कीड दूर राहते. अडुळशाचा काढा तुम्ही सगळे लहानपणी नाक दाबून प्यालेले आहात, त्याबद्दल मी काय सांगू.

मावशीचा नियम उन्हातल्या मुरमाड बाजूलाही लागू पडला. तिथे तरवड टाकला, नुसतं बी. घटाला ज्याच्या फुलांची माळ घालतो तोच. त्याच्या पानांवर फिकट पिवळी फुलपाखरं अंडी घालतात, अळ्या पानं खातात, खाऊ देत. मधेमधे काटेकोरांटी. बाहेरच्या अंगाला सागरगोटा, पण जागा मोठी असेल तरच. तो एकदा पसरला की मालकालाही आत घेत नाही.

करवंद हळू वाढतं, हो. तीन-चार पावसाळे जातात. पण तुम्ही प्लॉट नातवंडांसाठी घेतलाय म्हणता ना? मग थांबा की! इतकीच घाई असेल तर पुढे निर्गुडी लावा, मागे करवंद येऊ द्या. दोन ओळी, दोन-दोन फुटांवर, नागमोडी.

साप येतात म्हणे. येतात. उंदीर असतील तिथे डुरांट्यातही येतात.

आणि झटपट हिरवी भिंत म्हणून नर्सरीवाले कोनोकार्पस गळ्यात मारतात, ते तर नावच काढू नका. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. घाणेरीही इंग्रजांच्या काळात शोभेचं झुडूप म्हणूनच आली होती. आज सह्याद्रीत कुठेही उतरा आणि शोभा बघा. एवढं समोर असून आपण पुन्हा तेच करतो, याचाच संताप येतो.

असो. ते शेजारी वाईट नाहीत. मला चहा दिला, झाडांची हौस आहे असंही म्हणाले, आणि मला ते खरंच वाटलं. त्यांना मावशी भेटली नाही, नर्सरीवाला भेटला. आणि नर्सरीवाला तरी करवंद कशाला ठेवेल? डोंगरात फुकट मिळणारी वस्तू विकायची कशी! वन विभागाच्या रोपवाटिकेत कधीकधी मिळतं, विचारून बघा. बुलबुलाची एक जोडी मात्र मी निघेपर्यंत त्या ढिगाऱ्यावर ओरडत होती. जाऊ दे.

आमच्या कुंपणावरची करवंदं या आठवड्यात पिकली आहेत. ज्यांना बिया हव्यात त्यांनी खाली लिहा. गर धुऊन लगेच पेरायच्या, डब्यात भरून ठेवल्या तर उगवणार नाहीत. रोपं पुढच्या पावसाळ्यात जागेवर न्या. निर्गुडीचे फाटे पहिला पाऊस पडला की देईन, कोयता तुम्ही आणा.