"नवऱ्याची सही तूच करून टाक" म्हणणाऱ्या त्या पासपोर्टच्या फॉरवर्डला उत्तर

परवा रात्री साडेअकराला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. एवढ्या रात्री फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला, कारण तिचा नवरा वडिलांच्या आजारपणासाठी दोन आठवड्यांपूर्वी पुण्याला गेलाय आणि ही आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन इथे अमेरिकेत एकटी आहे. म्हणाली, "ताई, बाळाच्या पासपोर्टच्या फॉर्मवर यांची सही मीच करून टाकू का? ग्रुपवर आलंय, छोट्या गावात चालतं म्हणे."

मी उठून बसले. म्हटलं पेन खाली ठेव आधी, आणि तो मेसेज मला पाठव.

तो मेसेज तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आला असेल. "अमेरिकेतल्या लहान गावात राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी अत्यंत महत्त्वाचे" अशी सुरुवात आहे. थोडक्यात सांगते त्यात काय आहे: गावच्या पोस्टात दिलेला अर्ज दुय्यम ठरतो. फॉर्म घरूनच सही करून न्यावा म्हणजे वेळ वाचतो. आईवडिलांपैकी एक जण गावी नसेल तर दुसऱ्याने त्याची सही करावी, लहान गावात कोणी बघत नाही. मूळ कागद देऊ नयेत, परत मिळत नाहीत. मुलांचा पासपोर्ट पोस्टाने रिन्यू होतो. पासपोर्ट बदलला की ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) नवीन काढावं लागतं. आणि शेवटी, पासपोर्टला १० ते १३ आठवडे लागतात म्हणून एका एजंटची लिंक, "घरबसल्या काम होईल".

मी गेली बारा वर्षं कोलंबसमध्ये राहते, ओहायोतलं नाही, इंडियानातलं. कमिन्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीमुळे पुण्याची बरीच मंडळी इथे आहेत आणि माझी बहीण इथून तासाभरावरच्या आणखी लहान गावात असते. दोन मुलांचे पासपोर्ट, ते बदलणं, आमचे स्वतःचे, हे सगळं मी केलंय. त्यामुळे हा मेसेज वाचून राग आला तो उगाच नाही.

सगळ्यात आधी सहीचं, कारण बाकीच्या चुकांनी फार तर वेळ आणि पैसे जातील, या एका सल्ल्याने माणूस गुन्ह्यात अडकेल.

१६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला आईवडील दोघांची संमती लागते. ही पोस्टातल्या बाईंची मर्जी नाहीये, फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारचा नियम आहे, २२ सीएफआर ५१.२८ (सीएफआर म्हणजे त्या नियमांचा संग्रह), ज्याला शंका असेल त्याने हा आकडा टाकून नियम स्वतः वाचावा, इंग्रजी अवघड नाहीये. आणि हा नियम का आला तेही माहीत असू द्या. आईवडिलांचं बिनसलं की एक जण दुसऱ्याला न सांगता मुलाला देशाबाहेर घेऊन जायचा, मग दुसऱ्याने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. ते थांबावं म्हणून २००१ मध्ये दोघांच्या संमतीची अट आली, तेव्हा १४ वर्षांखालच्या मुलांसाठी होती, नंतर ती १६ पर्यंत वाढवली. म्हणजे ज्या सहीला हा मेसेज "फॉर्मॅलिटी" म्हणतो ती सही मुलाच्या संरक्षणासाठी आहे. तुमच्या घरात सगळं छान असेल, पण काउंटरच्या पलीकडच्या माणसाला ते कसं कळणार?

आता खोटी सही केली तर काय होतं? पासपोर्टच्या अर्जात जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा फेडरल गुन्हा आहे, साध्या प्रकरणातही १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ही ताकीद फॉर्मवरच छापलेली आहे! ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने असलं काही केलं तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी काय होईल याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का? माझी बहीण ग्रीन कार्डवर आहे. आठ महिन्यांचं बाळ मांडीवर आहे. नवरा हॉस्पिटलमध्ये वडिलांच्या उशाशी बसलाय. अशा बाईला कोणीतरी लिहून पाठवतं की सही ठोकून दे, कोणी बघत नाही.

आणि बघतात. लहान गावात तर जास्तच बघतात. डीएस-११, म्हणजे बाळाच्या पासपोर्टच्या अर्जाचा फॉर्म, आधी सही करून न्यायचाच नसतो. काउंटरवरचा अधिकारी आधी शपथ देतो, तुमचं ओळखपत्र बघतो, मग त्याच्यासमोर सही करायची, आणि मग तो स्वतः त्यावर सही करतो की ही माणसं माझ्यासमोर हजर होती. म्हणजे जो माणूस पुण्यात आहे त्याची सही आधीच फॉर्मवर दिसली तर पहिला प्रश्न तोच येणार. आमच्याकडे काउंटरला एकच बाई असतात, त्यांना अर्ध्या गावाची मुलं नावानिशी माहिती आहेत. ओळख आहे म्हणून त्या खोट्यावर शिक्का मारतील असं समजणं हा त्या बाईंचाही अपमान आहे.

खरा रस्ता सरळ आहे. नवरा हजर राहू शकत नसेल तर त्याने डीएस-३०५३ नावाचा संमतीचा फॉर्म भरायचा, सही नोटरीसमोर करायची, आणि नोटरीला जे ओळखपत्र दाखवलं त्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स सोबत जोडायची. ही संमती ९० दिवसच चालते, त्यामुळे सहा महिने आधी करून ठेवू नका. भारतात असलेल्याला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये अपॉइंटमेंट घेऊन नोटरीचं काम करता येतं. आणि ज्या बाईकडे मुलाचा एकटीचा ताबा आहे असा कोर्टाचा आदेश आहे, किंवा जन्मदाखल्यावर एकाच पालकाचं नाव आहे, किंवा दुसरा पालक हयात नाही, त्यांच्यासाठी नियमात वेगळी सोय आहे, कागद दाखवायचा. दुसऱ्या पालकाचा पत्ताच लागत नसेल तर डीएस-५५२५ आहे. प्रत्येक अडचणीला फॉर्म आहे, खोट्या सहीची गरज कोणालाच नाहीये.

"फॉर्म घरून सही करून न्या" हा गोंधळ कुठून आला ते मला माहितीये. मोठ्या माणसाचा पासपोर्ट पोस्टाने रिन्यू करायचा फॉर्म वेगळा, डीएस-८२, त्यावर घरीच सही करून पाठवायचं असतं. कोणीतरी आपला स्वतःचा रिन्यूअलचा अनुभव बाळाच्या अर्जाला चिकटवून दिला आणि झालं.

मुलांचा पासपोर्ट पोस्टाने रिन्यू होतो हेही तसंच. होत नाही. १६ वर्षांच्या आत काढलेला पासपोर्ट ५ वर्षांचा असतो आणि तो संपला की पुन्हा डीएस-११, पुन्हा मुलाला घेऊन काउंटरवर जायचं. मुलगा आता १९ वर्षांचा असला तरी जुना पासपोर्ट १६ च्या आधीचा असेल तर डीएस-८२ चालत नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरात हेच झालं, पोस्टाने पाठवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं.

मूळ कागदांबद्दल मात्र थोडं मान्य करावं लागेल, नाइलाजाने. नॅचरलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे अमेरिकन नागरिकत्व मिळाल्याचा दाखला, पाकिटात घालून पाठवताना हात थरथरतो, माझाही थरथरला होता, कारण ते हरवलं तर दुसरं काढायला पाचशेच्या वर डॉलर लागतात. आणि त्या सर्टिफिकेटवर खरंच छापलेलं असतं की कायदेशीर परवानगीशिवाय याची नक्कल काढणं गुन्हा आहे, त्यामुळे लोक झेरॉक्सलाही घाबरतात. पण पासपोर्टच्या अर्जासोबत मूळ कागद आणि त्याची झेरॉक्स दोन्ही मागणारं खुद्द स्टेट डिपार्टमेंट, म्हणजे पासपोर्ट देणारं अमेरिकेचं परराष्ट्र खातंच आहे, तेव्हा इथे झेरॉक्स काढायला घाबरायचं कारण नाही. नुसती झेरॉक्स दिली तर अर्ज अडकून पडेल. आणि कागद परत मिळतात. पासपोर्ट एका पाकिटात येतो आणि मूळ कागद वेगळ्या पाकिटात, कधी पासपोर्टनंतर चार आठवड्यांपर्यंत. पहिलं पाकीट उघडून त्यात सर्टिफिकेट दिसलं नाही की लोक ग्रुपवर लिहितात "कागद ठेवून घेतले". थांबा जरा.

बाळाच्या जन्मदाखल्याचं एक सांगते, मेसेजमध्ये हे नाहीये पण माझी बहीण हाच कागद घेऊन निघाली होती. हॉस्पिटलमध्ये बाळाच्या पायाचे ठसे घेतलेला जो सुंदर कागद देतात तो चालत नाही. राज्याच्या किंवा काउंटीच्या आरोग्य खात्याकडून मिळालेला सर्टिफाइड दाखला लागतो, त्यावर आईवडील दोघांची नावं हवीत. काढतानाच दोन प्रती काढा, एक पासपोर्टला जाऊ दे, एक घरात राहू दे.

गावातला अर्ज दुय्यम? पोस्टातली किंवा काउंटी क्लर्कच्या ऑफिसातली माणसं पासपोर्ट बनवत नाहीत. ती अर्ज तपासून, तुम्हाला शपथ देऊन, पाकीट बंद करून स्टेट डिपार्टमेंटकडे पाठवतात, शिकागोच्या पोस्टातलं पाकीटही तिथेच जातं. फरक एवढाच की लहान गावात अपॉइंटमेंटचे दिवस कमी असतात, आमच्याकडे फोन करून विचारूनच जावं लागतं. पासपोर्ट एजन्सी ही वेगळी गोष्ट, ती १४ दिवसांच्या आत परदेशी जायचं असेल त्यांच्यासाठी आहे, अपॉइंटमेंट १-८७७-४८७-२७७८ वर मिळते आणि त्या अपॉइंटमेंटचे पैसे लागत नाहीत. कोणी अपॉइंटमेंट विकत असेल तर देऊ नका. पैसे म्हणाल तर बाळाचे १०० डॉलर स्टेट डिपार्टमेंटच्या नावाने, चेक किंवा मनीऑर्डर, आणि ३५ डॉलर वेगळे त्या ऑफिसला. कार्ड घेऊन गेलात आणि चेकबुक घरी राहिलं तर त्या दिवशीचा फेरा फुकट.

उशीर होतो हे खरं होतं, २०२३ च्या उन्हाळ्यात साध्या अर्जाला १० ते १३ आठवडे लागत होते आणि लोकांची तिकिटं बुडाली. वर्षाच्या शेवटी ते ६ ते ८ वर आलं, नंतर आणखी कमी झालं. तो जुना आकडा आजही फिरवून लोकांना एजंटकडे ढकलणं चुकीचं आहे.

त्या एजंटच्या लिंकबद्दल. मी उघडून बघितली. फॉर्म भरून देण्याचे दोनशेच्या वर डॉलर, सरकारी फी त्यावर वेगळी. तोच फॉर्म स्टेट डिपार्टमेंटच्या साइटवर फुकट आहे, पत्त्याच्या शेवटी डॉट गव्ह असतं ते बघून घ्या. आणि पैसे देऊनही बाळाला घेऊन काउंटरवर जावंच लागणार, ते एजंटला टाळता येत नाही, मग "घरबसल्या" काय झालं? वर बाळाचं नाव, जन्मतारीख, तुमचा सोशल सिक्युरिटी नंबर एका अनोळखी माणसाच्या हातात. घरबसल्या रिन्यूअल खरंच आहे, सप्टेंबर २०२४ पासून सगळ्यांसाठी उघडलं, पण ते २५ वर्षांवरच्या लोकांसाठी, आधीचा १० वर्षांचा पासपोर्ट असलेल्यांसाठी, आणि सरकारच्याच साइटवर. त्यात एक लक्षात ठेवा, अर्ज सबमिट केला की हातातला पासपोर्ट रद्द होतो, त्यामुळे पुढच्या महिन्यात भारतात लग्नाला जायचं असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

ओसीआयचं जुनं आहे. एप्रिल २०२१ पासून दर पासपोर्टला नवीन ओसीआय लागत नाही. विसाव्या वर्षाआधी ओसीआय मिळालेल्यांनी वीस पूर्ण झाल्यावर नवा पासपोर्ट घेतला की एकदाच बदलून घ्यायचं. बाकी २० पर्यंत दर नव्या पासपोर्टला आणि पन्नाशीनंतर एकदा, पासपोर्टची प्रत आणि फोटो ऑनलाइन अपलोड करायचा.

बहिणीच्या नवऱ्याने मुंबईची अपॉइंटमेंट घेतली आहे, डीएस-३०५३ करून मूळ कागद कुरियरने पाठवतोय. बाळाचा फोटो काल काढला, पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून. डोळे अर्धवट मिटलेत म्हणून ती पुन्हा काढायला निघाली होती, तिला सांगितलं राहू दे, एवढ्या लहान बाळाचे डोळे पूर्ण उघडे नसले तरी चालतं. ज्या ग्रुपवर तिला तो मेसेज आला तिथे मी हे सगळं टाकलंय, तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही टाका, निदान सहीचा भाग तरी.