ब्लीचमध्ये व्हिनेगर घालून कपाट साफ करू नका

'लाकडी कपाटाच्या आतले डाग पाच मिनिटांत गायब, शंभर टक्के घरगुती उपाय' असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. आतून पॉलिश न केलेल्या कोऱ्या लाकडासाठी त्यात पाच सूचना आहेत. ब्लीच आणि व्हिनेगर समप्रमाणात मिसळून आत फवारा आणि दोन तास दारं लावून ठेवा. हळदीच्या डागावर ओला खाण्याचा सोडा थापा. उरलेले डाग तारेच्या घासणीने घासा. भरपूर पाण्याने धुवा. शेवटी खोबरेल तेल चोळा. आमच्या काकूंचं फडताळ जुन्या सागवानाचं, आतून कोरं. त्यांनी दोन्ही बाटल्या आणून ठेवल्या आणि मला फोन केला, "करू ना रे?" म्हणून हे लिहितोय.

पहिली सूचना नुसती चुकीची नाही, जिवावर बेतणारी आहे. कपड्यांचं ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि व्हिनेगर हे आम्लच. लिंबाचा रस घातला किंवा संडास धुवायचं ॲसिड घातलं तरी तेच होणार. ब्लीचऐवजी पाण्याच्या टाकीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर घेतली तरीही सुटका नाही. क्लोरीन हवेपेक्षा जवळजवळ अडीचपट जड, त्यामुळे तो खाली साचतो. ओट्याखालच्या कपाटात हे मिश्रण फवारायचं, दारं लावून वायू कोंडायचा आणि मग पुसायला त्याच कपाटात डोकं घालायचं! घरात दम्याचं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर काय होईल, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का?

'थोडंसंच घेतलं तर काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी एक नोंद. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, एप्रिल २०२० मध्ये आपल्या साप्ताहिक अहवालात एका बाईंची हकिगत दिली आहे. त्यांनी भाज्या धुवायला सिंकमध्ये १० टक्के ब्लीचचं द्रावण, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. स्वयंपाकघरात उग्र वास सुटला, खोकला आणि धाप लागली, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. ऑक्सिजन आणि औषध दिल्यावर त्या सावरल्या. ते मिश्रण उघड्या सिंकमध्ये होतं, बंद कपाटात नव्हतं.

कुणी हे आधीच करून बसलं असेल तर त्यावर आणखी काही ओतू नका. त्या खोलीतून बाहेर मोकळ्या हवेत या, जाता जाता जमलं तर खिडक्या उघडा. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

ब्लीचने हळदीचा रंग उडतो, हे मान्य. पण त्यासोबत सागाचा स्वतःचा रंगही जातो आणि डागाच्या जागी पांढुरका चट्टा राहतो.

सोड्याचं अर्धं खरं आहे. तेल नुकतंच सांडलं असेल तर कोरडा सोडा ते शोषून घेतो, आणि कुबट वासही कमी होतो. पण हळदीवर ओला सोडा लावलात तर पिवळा डाग लाल होईल. हळदीचा रंग उन्हाने फिका पडतो. फळी सुटी होत असेल तर ती उन्हात ठेवा.

तारेची घासणी तर नकोच. लोखंडाचे कण लाकडात अडकतात आणि ओल लागली की सागवानातल्या टॅनिनशी, म्हणजे लाकडातल्या तुरट द्रव्याशी, मिळून काळेनिळे ठिपके उमटतात. पत्र्याच्या डब्याखाली फळीवर जे काळे गोल दिसतात, ते याच कारणाने. ते घासून जात नाहीत. पॉलिशवाले त्यासाठी ऑक्झॅलिक ॲसिड वापरतात. ते विषारी असतं, तेव्हा धान्याच्या कपाटात ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या.

भरपूर पाण्याने कोरं लाकूड फुगतं, पावसाळ्यात बुरशी धरतं. खोबरेल तेल लाकडात वाळत नाही. धूळ धरतं आणि खवट होतं.

करायचं ते एवढंच: आधी कोरड्या ब्रशने झाडा. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने, आणि दारं उघडी ठेवून पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. राहिलेल्या डागावर नाकाला मास्क लावून १२० आणि मग १८० नंबरचा पॉलिश पेपर लाकडाच्या रेषांच्या दिशेने फिरवा. नंतर चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश दोन हात मारलंत की पुढचे डाग मुरणार नाहीत, वासही दबेल. कपाट प्लायवूडचं असेल तर १२० नंबर वापरूच नका. वरचा पापुद्रा फार पातळ असतो, चार हात जोरात मारले की खालचा थर उघडा पडतो.