माय पुन्हा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, कधी चालेल?

गेल्या पोळ्याच्या तिसऱ्या दिवशी पहाटे मायनं हाक मारली. "अरे, घर फिरून रायलं रे." बाजेची कड दोन्ही हातांनी धरून ती डोळे मिटून पडली होती. डोळे उघडले की उलटी. दुपार झाली, रात्र झाली, घर फिरायचं थांबेना. कोणी म्हणे बीपी लो झाला, कोणी म्हणे शुगर उतरली, एका मावशीनं मीठ-मिरची घेऊन दृष्टही काढली.

तालुक्याला नेलं. सलाईन लागली, उलटी थांबायचं इंजेक्शन दिलं. दोन दिवसांत उलट्या थांबल्या. तिथवर सगळं बरोबरच होतं, माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार पुढची आहे. चक्कर दाबायच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या दिल्या, मग आणखी पंधरा दिवसांच्या, मग आणखी. मानेचा एक्स-रे काढला, मणक्यात गॅप सांगितला, गळ्यात पट्टा आला. आजाराचं नाव मात्र कोणी सांगितलं नाही. मी विचारलं, "साहेब, किती दिवसांत बरी होईल?" उत्तर मिळालं, "वय झालं आता. सांगता येत नाही."

घरी आम्ही काय केलं? मायेपोटी तिला बाजेवर बांधून ठेवलं. "माय, उठू नोको." "आत्याबाई, पाणी मी आणते." भेटायला येणारी प्रत्येक बाई तेच सांगून जायची. कापसाची पहिली वेचणी झाली, दुसरी झाली, आणि ज्या बाईनं चाळीस वर्षं ओटीत कापूस वेचला ती भिंत धरून मोरीपर्यंत जात होती. ती थांबली होती कारण आम्ही सगळ्यांनी मिळून तिला थांबवलं होतं.

तीन महिन्यांनी मोठ्या दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तिला तपासलं. त्यांनी दोन्ही हातांत तिचं डोकं धरलं, आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि डोक्याला बारीकसा झटका दिला. एका बाजूला झटका दिला की तिची नजर नाकावरून सुटायची आणि मग उडी मारून परत यायची. ही तपासणी १९८८ साली हाल्मागी आणि कर्थॉइस या दोघांनी ऑस्ट्रेलियातून जगापुढे मांडली. मशीन लागत नाही, वीज लागत नाही. म्हणजे आमच्या तालुक्यातही ती होऊ शकली असती.

त्यांनी सांगितलं, आतल्या कानाची तोल सांभाळणारी नस सुजली होती. आमच्या घरी अजून बैलजोडी आहे, म्हणून मला ते बैलांवरून समजलं. दोन्ही कानांतून मेंदूकडे सारख्या जोरानं खबर जात असते. एक बैल अचानक खाली बसला की बंडी गोल वळायला लागते, तसं मेंदूला वाटतं आपण गरगर फिरतोय. बसलेला बैल पूर्ण उठेल याची खात्री नसते. पण हाकणारा शिकतो. कासरा कुठं ओढायचा, कुठं सैल सोडायचा, हे चालवता चालवताच त्याला कळतं. मेंदू तसाच शिकतो, आणि त्याला शिकायला डोक्याची हालचाल लागते. मान वळवल्यावर समोरचं पुसट दिसतं, ती चूक बघूनच तो दुरुस्ती करतो. गोळ्या पहिले दोन-तीन दिवस उलटीसाठी लागतात. त्यापुढे त्या महिनोन्महिने चालू ठेवल्या तर ती चूक मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही, आणि माणूस आहे तिथंच अडकतो.

हे काही कालचं ज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांना दिसलं होतं की डोक्याला मार लागलेले जे रुग्ण लवकर उठून हिंडायला लागतात, त्यांची चक्कर लवकर जाते. त्यावरून त्यांनी नजर, मान आणि चालण्याचे व्यायाम बसवले. ते आजही शिकवतात.

मग डॉक्टरांनी मायला जे विचारलं, ते मी कधी विसरणार नाही. "मावशी, रात्री उठता तेव्हा लाईट लावता का? पायाला मुंग्या येतात का? डोळ्यानं नीट दिसतं का? बाजारात गेल्यावर जास्त गरगरतं का?" आणि शेवटी, "तुम्हाला भीती कशाची वाटते?"

माय बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मी पडीन अन् पोरायवर ओझं होईन, याची."

डॉक्टर म्हणाले, बरं व्हायला किती वेळ लागेल ते याच उत्तरांवरून कळतं. तोलाचे तीन आधार असतात, कान, डोळे आणि पाय. एक कान गेला तर बाकीचे दोन सांभाळून घेतात. पण डोळ्यात मोतीबिंदू असेल, शुगरमुळे पाय बधिर झाले असतील, तर सुधारणा उशिरा होते. आणि भीती हा सगळ्यात मोठा अडथळा. नंतर मी वाचलं, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या मंडळींनी याच आजाराच्या रुग्णांवर महिनोन्महिने लक्ष ठेवून २०१७ साली अभ्यास छापला होता. कानाचं किती नुकसान झालं यापेक्षा मनातली धास्ती आणि तोलासाठी नुसत्या नजरेवर विसंबण्याची सवय, यांवरून कोणाचा त्रास रेंगाळणार ते जास्त कळत होतं. आठवडी बाजारात माणसांच्या गर्दीत मायला का गरगरायचं, एसटीच्या खिडकीतून पळती झाडं बघून तिला का मळमळायचं, ते मला तेव्हा समजलं.

प्रत्येक चक्कर मात्र अशी नसते, हेही मला कळकळीनं सांगायचं आहे. आमच्या शेजारच्या काकूंना कूस बदलली की अर्धा-पाऊण मिनिट सगळं फिरायचं, मग थांबायचं. त्यांच्या कानातले चुन्याचे बारीक खडे जागा सोडून नळीत शिरले होते. अमेरिकेतल्या एपली नावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली छापलेली एक पद्धत आहे. रुग्णाला झोपवून डोकं ठरावीक क्रमानं वळवायचं आणि उठवून बसवायचं. पाच मिनिटांचं काम. काकू त्याच दिवशी चालत घरी आल्या. वर्षभरानं पुन्हा झालं, पुन्हा तेच केलं. त्यांनाही आधी गोळ्याच मिळाल्या होत्या, ज्यांचा त्या खड्यांवर काही उपयोग नव्हता. आणि चक्करेसोबत कानात आवाज येत असेल, ऐकू कमी येत असेल, तर तो आणखी वेगळा आजार असू शकतो, झटके वर्षानुवर्षं येत-जात राहणारा. शब्द एकच, "चक्कर". पण एकाला दिवस लागतो, दुसऱ्याला महिने.

बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, हातापायातली ताकद जाणं, किंवा धरूनही उभं राहता न येणं, यातलं काहीही असेल तर ही पोस्ट वाचत बसू नका. मेंदूचा झटका असू शकतो. गाडी करा आणि लगेच मोठा दवाखाना गाठा.

म्हणून माझं मत मी स्पष्ट लिहितो. "सांगता येत नाही" हे उत्तर रुग्णावर अन्याय करणारं आहे. तारीख सांगता येत नाही, मान्य. पण आजार कोणता, गोळ्या कधी बंद करायच्या, कधीपासून चालायचं आणि साधारण किती आठवड्यांत काय जमायला हवं, हे चिठ्ठीवर लिहून देता येतं. ओपीडीत शंभर माणसं रांगेत असतात, हे मी बघितलंय. तरीही ते पाच प्रश्न विचारायला तीन मिनिटं लागतात. त्या तीन मिनिटांअभावी मायचा एक हंगाम गेला. माहीत असतं, तर आम्हीच तिला चौथ्या दिवशी हात धरून अंगणात फिरवलं असतं.

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं, "गोळ्या हळूहळू बंद करू. रोज व्यायाम केला तर दीड-दोन महिन्यांत धुऱ्यावर चालाल. विहिरीजवळ आणि शिडीवर एकटं जायचं नाही." तिनं भिंतीवर कोळशानं रेघा मारायला सुरुवात केली. अंगठ्यावर नजर ठेवून मान हलवायची, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या आठवड्यात जास्तच गरगरलं, आणि ते होणार हेही आधी सांगितलेलं असल्यामुळे ती घाबरली नाही. अंगण, मग गल्ली, मग नांगरलेल्या वावरातली ढेकळं. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशनही करून घेतलं.

पन्नास रेघा झाल्यावर एका सकाळी मी वावरात पोचलो, तर माय धुऱ्यावरून हळूहळू येत होती, डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन. सून मागून दोन पावलांवर, हात पुढे करून. माय तिला म्हणत होती, "सोड वं बाई, मले मोजू दे." ती पावलं मोजत होती. अंधारात ती अजूनही भिंत धरते, म्हणून तिच्या उशाशी बॅटरी ठेवलेली असते.