कापूस पिकला नाही म्हणून

कॅनडातल्या विनिपेगात येऊन मला ११ वर्षं झाली. बाहेर उणे २८ असलं की मी दुकानातून (फार्मसीच्या काउंटरमागे उभा असतो मी) घरी येऊन गावचा व्हॉट्सअॅप ग्रूप उघडतो. दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. पराटीला (म्हणजे कपाशीला) बोंडअळी लागली का, तुरीला काय भाव, कोणाच्या घरी तेरवी, सगळं कळतं.

गेल्या महिन्यात तिथं भांडण पेटलं. पोलीस भरतीत तृतीयपंथीयांना संधी द्यावी की नाही, यावरून. एका काकांनी लिहिलं, हे सगळं फिरंग्यांचं खूळ, आपल्याकडं असं कधी नव्हतं. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्यातल्याच एकानं उलट टाकलं, परदेश कुठं पोचला पाहा, आपण अजून शेणात लोळतोय. आणि दोघांनीही साक्षीला मलाच बोलावलं. मी अंगठ्याचं चिन्ह टाकून गप्प बसलो. कारण मी राहतो त्याच शहरातली एक गोष्ट या दोघांनाही अडचणीची आहे.

१९६५ साली या शहरात जुळी मुलं जन्मली. लघवीचा त्रास होता म्हणून दोघांची सुंता करायचं ठरलं, आणि पहिल्याच बाळाच्या वेळी विजेच्या उपकरणानं त्याचं लिंग जळून गेलं. आईबाप विशीतले. त्यांनी टीव्हीवर बाल्टिमोरच्या जॉन मनी या नामांकित मानसशास्त्रज्ञाला पाहिलं. मनींचं म्हणणं होतं, मूल जन्मतः कोरी पाटी असतं, मुलगी म्हणून वाढवलं की मुलगी होतं. दोन वर्षांचा व्हायच्या आत त्या मुलाचे अंडकोष काढले, फ्रॉक घातला, नाव बदललं. पुढं मनींनी हा प्रयोग यशस्वी झाला असं जगाला सांगितलं. आणि जन्मतः ज्यांचे अवयव धड मुलाचे नाहीत, धड मुलीचे नाहीत, अशा आंतरलिंगी बाळांवर लवकरात लवकर सुरी चालवावी, याला त्या 'यशा'चा मोठा आधार झाला. हे मूल स्वतः आंतरलिंगी नव्हतं, आणि त्याचं पुढं काय झालं हे कोणी विचारलं नाही.

मिल्टन डायमंड या संशोधकानं विचारलं. हा माणूस मला आवडतो. चिकाटीमुळे आवडतो, हुशार तर सगळेच असतात. न्यूयॉर्कात ज्यू स्थलांतरितांच्या घरात १९३४ साली जन्मलेला. कॅन्सस विद्यापीठात विल्यम यंग यांच्या प्रयोगशाळेत तो शिकत होता. तिथं गाभण गिनीपिगांना पुरुषी हार्मोन देत, आणि मग जन्मलेल्या माद्या मोठ्या झाल्यावर नरासारख्या वागत. म्हणजे पाटी पूर्ण कोरी नसते, गर्भातच तिच्यावर काहीतरी लिहून झालेलं असतं. १९६५ सालीच, जेव्हा डायमंड तिशीत होता आणि मनी या विषयातले बडे प्रस्थ होते, त्यानं एक लेख लिहून मनींच्या सिद्धान्ताला आव्हान दिलं. वाढवण्याचा काहीच वाटा नाही असं त्याचं म्हणणं नव्हतं. ज्या मातीत बी पडलं ती माती आणि ते बी, दोन्ही पाहा, एवढंच.

मग हवाई विद्यापीठात आयुष्य गेलं, आणि तिथून तो एकच प्रश्न विचारत राहिला: त्या जुळ्यातल्या मुलीचं पुढं काय झालं? साधा प्रश्न आहे. आमच्याकडं वासरू दुसऱ्याला दिलं तरी लोक बाजारात भेटल्यावर विचारतात, कसं हाय? इथं एका लेकराचा दाखला देऊन जगभर शस्त्रक्रिया चालल्या होत्या आणि ते लेकरू कसं आहे हे विचारायला पंचवीस-तीस वर्षं लागली. शेवटी डायमंडनं इथल्याच एका मनोविकारतज्ज्ञाला, कीथ सिगमंडसन यांना, शोधून काढलं. १९९७ साली दोघांनी मिळून खरी हकीकत छापली. ती 'मुलगी' कधीच रमली नव्हती. १४ व्या वर्षी बापानं खरं सांगितल्यावर तिनं मुलगा म्हणून जगायचं ठरवलं आणि डेव्हिड रायमर झाली. झाला. २००४ साली डेव्हिडनं स्वतःचा जीव घेतला. डायमंड २०२४ मध्ये गेले, नव्वदीत. मूल स्वतः सांगेपर्यंत केवळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रिया करू नका, हे शेवटपर्यंत सांगत.

आता गाव.

आमच्या गल्लीत, घरापासून चौथ्या दारात, असं एक आंतरलिंगी बाळ जन्मलं होतं. मी तेव्हा सहावीत. सुईणीनं कंदिलाची वात वर केली, पुन्हा खाली केली, आणि बाहेर येऊन काहीच न बोलता न्हाणीत हात धुवत बसली, हे मी आजीच्या मांडीवरून पाहिलं आहे. नागपूरच्या एका दवाखान्यात दाखवल्यावर डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून मुलगी करून टाकू, लहानपणीच सोपं असतं. बाप तयार होता. बैलजोडीतला एक बैल विकायचा आणि कापूस निघाला की उरलेले पैसे भरायचे, असा हिशोब. त्या वर्षी कापूस पिकला नाही. ऑपरेशन राहिलं.

आता माझी आजी सांगायची, "म्या तवाच म्हनलं होतं, पोट्टं हाय का पोट्टी, थे त्याचं तेच सांगन." तिनं म्हटलं असेलही. पण ग्रूपवरच्या काकांनी याला आपली थोर परंपरा म्हणू नये. ते लेकरू वाचलं ते शहाणपणानं नाही, नापिकीनं वाचलं.

शाळेत नाव मुलीचं लागलं. तेराव्या वर्षी आवाज फुटला, मिसरूड आलं, आणि ते म्हणालं, मी भाऊ आहे. गावानं वर्षभर चघळलं. मग सवय झाली. आज तो हडंबा (मळणीयंत्र) चालवतो, सोयाबीनच्या दिवसांत त्याला चार गावांतून बोलावणं असतं. शाळा मात्र सातवीतच सुटली, कोणत्या संडासात जायचं याचं उत्तर मास्तरांकडं नव्हतं.

पुण्याच्या मित्रालाही सांगायचं आहे. कॅनडाच्या फौजदारी कायद्यात आजही डॉक्टरांना मुभा आहे, बाळाचे अवयव 'सामान्य' दिसावेत म्हणून शस्त्रक्रिया करायची. तमिळनाडूनं मात्र २०१९ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाच्या निकालानंतर, जिवावर बेतलं नसेल तर अशा बाळांवर सुरी चालवायची नाही असा आदेश काढला. मदुराईच्या खंडपीठात जे सुचलं ते कॅनडाच्या राजधानीत, ओटावात, सुचलेलं नाही. तेव्हा कोण पुढं आणि कोण शेणात, हे जरा सांभाळून.

उलट कागदाच्या बाबतीत इथं सुख आहे. मॅनिटोबात, म्हणजे माझ्या प्रांतात, जन्मदाखल्यावरची नोंद बदलायला शस्त्रक्रियेची अट २०१५ पासून नाही. आपल्या २०१९ च्या कायद्यानं आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून 'तृतीयपंथी' असं प्रमाणपत्र घ्यायचं, आणि पुरुष किंवा स्त्री असं हवं तर शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला जोडायचा. म्हणजे कापूस न पिकल्यामुळे टळलेली सुरी कागदाच्या रूपानं पुन्हा समोर.

त्याचा बाप मागच्या उन्हाळ्यात गेला. सातबाऱ्यावर वारस लावताना तलाठ्यानं शाळेच्या दाखल्यावरचं नाव घेतलं, पुढं 'मुलगी'. त्यानं मला फोटो पाठवला. मी रात्री बसून कायद्याची कलमं, यवतमाळला कोणाला भेटायचं, कोणते कागद लागतील, सगळं लिहून पाठवलं. रायमरची गोष्टही सांगितली, फोनवर, बरीच लांबवून.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "थ्या पोराले कोनं इचारलं व्हतं का पयले?"

नाही म्हटलं.

"मंग बरं झालं बाप्पा आमचा कापूस गेला थे." आणि कागदांचं? "वेचणी उरकू दे. मंग पाहू."