एडफूला उतरताना

नाईल क्रूझ बुक केलीत? छान केलंत. लक्सरहून आस्वानला जाणारी बोट वाटेत एडफूला थांबते आणि तिथे सकाळी सकाळी तुम्हाला काठावर उतरवतात. घाबरून जाऊ नका. थोडी काळजी घेतली तर इजिप्त अंगाला लावून न घेता नाश्त्यापर्यंत बोटीवर परतता येतं. आमच्या गटातल्या 34 जणांना जमलं, तुम्हालाही जमेल.

पहाटे पाचला खोलीतला फोन वाजतो. पडदा सारायला हरकत नाही, फक्त समोर नाईल दिसेल अशी आशा धरू नका. एडफूच्या धक्क्यावर बोटी एकमेकींना खेटून लावतात, चार-चार, पाच-पाच. त्यामुळे खिडकीत दिसते ती शेजारच्या बोटीची खिडकी आणि तिच्यात बनियनवर दात घासणारे एक गृहस्थ. त्यांना हात करावा. ‘रिव्हर व्ह्यू’चे जादा पैसे भरले असतील, तर तो विषय या क्षणी बायकोसमोर काढू नये.

आता काठ गाठायचा तर मधल्या सगळ्या बोटींच्या लॉब्यांमधून आरपार जावं लागतं. इथे घाई करू नका. यांचं झुंबर मोठं की आपलं, यांच्या सोफ्यांना पोपडे सुटलेत का, सगळं नीट बघून घ्या. दुसऱ्या बोटीत गालिचा बरा दिसला तर टूर मॅनेजरला तिथेच गाठून ‘आम्हाला ही का नाही दिली’ म्हणून विचारा. एडफूमध्ये आमच्या मंडळींनी इतक्या बारकाईने दुसरं काही पाहिलेलं मला आठवत नाही.

धक्क्यावर टांग्यांची झुंबड असते. तिकडे टांग्याला हंतूर म्हणतात. टांग्याला नंबर असतो आणि परत त्याच टांग्यातून यायचं असतं, म्हणून नंबराचा फोटो काढा. तो पुढच्या दीडशे फोटोंत हरवेल, ते वेगळं. घोड्याच्या बरगड्या लांबूनही मोजता येतात. त्या बघून ‘अरेरे, बिचारा’ म्हणावं, मोठ्याने म्हणावं, आणि मग चौघांनी वर चढून बसावं. फोटो घ्याल तो मानेपासून वरचा घ्या. तुऱ्यात घोडा छान दिसतो.

वाटेत गाव जागं होत असतं. कोणी दुकानासमोर पाणी मारतंय, कोणी पावाची चळत सावरत सायकल हाकतंय, म्हातारे चहाचे पेले घेऊन बसलेत. इकडे बघू नका, हे पॅकेजमध्ये नाही. टांगेवाला मागे वळून ‘इंडिया? अमिताभ बच्चन!’ म्हणेल. आपण कृतकृत्य व्हावं. मग तो ‘बक्षीस’ म्हणेल. शब्द आपल्याच घरातला, त्यामुळे न कळल्याचं सोंग करता येत नाही. बोटीवर पाण्याच्या बाटलीचे डॉलर मुकाट्याने मोजून आलेल्या माणसाने इथे मात्र दहा इजिप्शियन पाउंडांसाठी तत्त्वाचा प्रश्न करावा. ‘यांना सवय लागते हो,’ असं शेजाऱ्याला मराठीतून सांगावं.

मग मंदिर. होरस या ससाण्याच्या रूपातल्या देवाचं. बांधायला इसवी सन पूर्व 237 मध्ये घेतलं आणि 57 मध्ये पुरं झालं, म्हणजे 180 वर्षं. इथे आपल्या उड्डाणपुलांवरचा विनोद करायचाच असतो. प्रत्येक गटात तो एकजण करतो, तुम्ही आधी करा. समोरचं गोपूर 36 मीटर उंच आहे, फोटोत पूर्ण मावत नाही, तेव्हा ते सोडून द्या. दारातल्या ग्रॅनाइटच्या ससाण्यापाशी रांग लावा. पुढे हे अख्खं मंदिर वाळूत गाडलं गेलं होतं, वर गावकऱ्यांची घरं उभी होती, आणि 1860 च्या दशकात ऑग्युस्त मारिएत या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने ते उकरून काढलं, वगैरे गाईड सांगत असतो. त्या वेळात बाथरूम कुठे आहे ते विचारून घ्यावं.

माझ्याकडून मात्र एक चूक झाली. बाहेरच्या भिंतीच्या आतल्या अंगाला होरस आपल्या वैऱ्याला, सेथ या देवाला, मारतोय, अशी चित्रांची रांग कोरलीय. सेथने पाणघोड्याचं रूप घेतलंय. मी वाकून बघितलं तर होरस धिप्पाड, हातात लांब भाला, आणि त्याच्या पायाशी पाणघोडा केवढा? डुकराच्या पिलाएवढा. भिंतीवर कोरलेलं जिवंत होऊ शकतं अशी त्यांची समजूत, म्हणून शत्रू मुद्दाम लहान ठेवायचा. मी बोटाने त्याची लांबी मापत होतो, तेवढ्यात ‘चला, चला’ झालं आणि सगळे माझ्यासाठी खोळंबलेत असं कळलं. असं तुम्ही करू नका. बसमध्ये, म्हणजे टांग्यात, बोलणी बसतात.

हाथोर देवीही इथे दर वर्षी बोटीनेच यायची म्हणे. उत्तरेकडच्या डेंडेराहून, प्रवाहाच्या उलट, नवऱ्याला भेटायला. आली की पंधरवडाभर राहायची. तिला टूर मॅनेजर नव्हता.

बाहेर पडताना बाजार लागतो. तिथे अंगभर झगा, गलाबिया, घ्यावाच लागतो, कारण रात्री बोटीवर गलाबिया पार्टी असते. दिवसभर ज्यांच्याकडे बघायचं टाळलं, रात्री त्यांच्यासारखे कपडे घालून झिंगाटवर नाचायचं, असा हा सांस्कृतिक कार्यक्रम आहे.

साडेनऊच्या आत बोटीवर या, ऑम्लेटवाला उठून जातो. पिशवीतली शेंगदाण्याची चटणी बाहेर काढा, शेजारच्या टेबलाला द्या. मग खोलीत जाऊन आडवे व्हा आणि फोटो निवडायला घ्या. एवढ्यात शेजारची बोट सुटते, दात घासणारे गृहस्थ हळूहळू सरकत निघून जातात आणि त्यांच्या जागी खिडकीभर नाईल येते: खजुरीची रांग, पाण्यात गुडघाभर उभी म्हैस, एक होडी, होडीत जाळं ओढणारा पोरगा. अशा वेळी उठून पडदा ओढून घ्यावा. उजेडात स्क्रीनवरचं काही दिसत नाही.